तीनदा ओढलेला जिताडा

मासा दर्यातच असतो, त्यात विशेष काही नाही. पण दर्यात नेमका कुठे असतो हे ज्याला ठाऊक, त्याच्याच घरी फाल्गुन-चैत्रात चूल धडपणे पेटते. बाकीचे डिझेल जाळून येतात आणि घरी येऊन बायकोवर खेकसतात.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या दयारामला असा एक खडक ठाऊक होता. खाडीच्या तोंडाबाहेर, सहा वाव पाण्याखाली, जेमतेम पडवीएवढा. वरून बघाल तर पाणी इकडे जसं तसंच तिकडे. पण त्या खडकाच्या कपारींत जिताडे राहत. बापाने तो खडक दयारामला दाखवला तो वीस वर्षं होडीत राबवून घेतल्यावर. दाखवला म्हणजे दोन खुणा सांगितल्या. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस मागच्या ताडाच्या बुंध्यावर बसला पाहिजे आणि उजवीकडे कोर्लईच्या किल्ल्याचा शेवटचा बुरूज मागच्या डोंगराच्या खिंडीत शिरला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जुळलं की नांगर सोडायचा. होडी दोन हात इकडेतिकडे झाली तर गळाला नुसता चिखल. पुढे वादळात ताड पडला, त्याच्या शेजारी मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा दयारामने मनातली खूण जराशी सरकवून घेतली. कुणाला विचारायला गेला नाही.

या खुणा लिहून ठेवायच्या नाहीत, बायकोला सांगायच्या नाहीत, आणि मुलाला सांगायच्या त्या सुकाणू त्याच्या हातात देताना, अशी घराची रीत. दयारामचा मुलगा निकेत उरणच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात कामाला होता. तिथलं काम सुटलं आणि दोन वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन घरी आला, होडीत बसू लागला. पण खडक जवळ आला की दयाराम त्याला खाली मान घालून गळांना आमिष लावायला बसवी. पोरगा कधी कंटाळून परत यार्डात जाईल याचा भरवसा नव्हता, आणि गेला तर घरातली एवढी एकच चीज कुठल्याशा ट्रकवाल्याला गप्पांत सांगून बसेल अशी धास्ती होती.

यंदाचं साल तर फारच वाईट. दिवे लावून मासा उपसणाऱ्या मोठ्या बोटींनी बाहेरचं पाणी खरवडून टाकलेलं. लहान होडीवाल्यांच्या वाट्याला शिंगाळी आणि केंड असला भाव नसलेला मासा. दयाराम मात्र उधाणाच्या तीन-चार दिवसांतच खडकावर जाई, चार-पाच जिताडे काढी आणि मग खडकाला पंधरा दिवस दम देई. हावरेपणा केला की खडक रुसतो, असं बाप म्हणायचा. त्या चार-पाच माशांवर घर तगून होतं.

फाल्गुनातल्या उधाणाला नऊ किलोचा जिताडा लागला. असला मासा दोन-दोन वर्षं दिसत नाही. दयाराम गुडघे होडीच्या काठाला टेकून दोरी ओढत होता, बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं, दम छातीत मावत नव्हता, आणि निकेतने आकडी घेऊन पुढे यायचं सोडून खिशातून मोबाइल काढला.

"अरं, आकरी घे! मोबाइल काय मासा धरनार हाय?"

"एक मिनिट बाबा, एक मिनिट. भाविकाला पाहिजे हा व्हिडिओ."

मासा वर आला. सोन्यासारखा डोळा, शेपटी आपटत होता. निकेतने तो टिपला, बापाला टिपलं, आणि आनंदाच्या भरात उभ्याउभ्या गर्रकन एक फेरी मारून चहूबाजूंचा दर्या टिपला. दयारामने ते बघितलं. सुनेची हौस, म्हणून सोडून दिलं.

भाविका मिठागराकडच्या गावची. दर्या तिने लग्नाआधी फक्त काठावरून बघितलेला. आल्यावर सुरुवातीला तिला सुक्या मासळीच्या वासाने जेवण जायचं नाही, आणि आता तीच 'दर्याची सून' या नावाने इन्स्टावर जवळा कसा निवडायचा, बोंबील कसे बांधायचे ते दाखवायची. चाळीस हजार माणसं तिच्यामागे होती. मागे होती म्हणजे काय करत होती हे दयारामला कधी नीट कळलं नाही. पण परवा अलिबागच्या बाजारात कुणी पुण्याच्या बाईने दयारामच्या बायकोला, सोनूबाईला, व्हिडिओवरून ओळखलं, तिच्या टोपलीशेजारी उभी राहून फोटो काढला आणि घासाघीस न करता पापलेट नेलं. सोनूबाई तेव्हापासून बाजाराला जाताना आंबाडा जरा जास्त चापूनचोपून बांधू लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाविका अंगणात धावत आली.

"बाबा, दोन लाख लोकांनी बघितलं तुम्हाला! एका रात्रीत!"

दयाराम जाळं शिवत बसला होता. दोन लाख माणसं एका जागी कशी दिसतील ते त्याच्या डोळ्यांपुढे येईना. त्याने मोबाइल हातात घेतला, लांब धरला. आपलं डोकं मागून एवढं टकलं झालंय हे त्याला पहिल्यांदा कळलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, भाविका वाचून दाखवत होती. "काका एक नंबर." "याला म्हणतात मेहनत." "बापमाणूस." सोनूबाई आतून पदराला हात पुसत आली आणि तीही बघू लागली. खोटं कशाला सांगा, दयारामला बरं वाटलं. साठ वर्षांत कुणी त्याला बापमाणूस म्हटलं नव्हतं.

"फिरून लाव," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याने स्वतःला बघायचं सोडून स्वतःच्या मागे बघितलं. टकलाच्या मागे किनारा होता. किनाऱ्यावर देवळाचा कळस होता आणि कळसाच्या बरोब्बर मागे टॉवर. मग मोबाइल गर्रकन फिरला आणि एका क्षणासाठी बुरूज डोंगराच्या खिंडीत बसलेला दिसला.

दयारामच्या हातातली जाळं विणायची सुई खाली पडली.

"कार," तो म्हणाला. "कारून टाक ता. आताच्या आता."

"का काढायचं बाबा? किती छान चाललंय..."

"कार म्हनतो ना!"

निकेत बाहेर आला. काय झालं ते त्याला सांगावं तर खुणा सांगाव्या लागतात, आणि न सांगावं तर पोराला बाप खुळावला वाटतो. शेवटी दयारामने मोबाइलच्या काचेवर बोट ठेवून दाखवलं. या रीतीने निकेतला त्याच्या घराण्याच्या खुणा मिळाल्या, सुकाणू हातात यायच्या आधीच, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन लाख माणसांना.

निकेतचं तोंड उतरलं. "बाबा, आता काढून काय होणार? बंदराच्या ग्रुपवर कालच आलंय. चिरागनेच टाकलंय."

दोन लाखांतल्या बहुतेकांनी मासाच बघितला. पण बंदरावरच्या वीस-पंचवीस माणसांनी मासा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर दयाराम बाहेर पडला तेव्हा खडकावर अकरा होड्या होत्या. ग्रुपवर रील टाकणारा बंदरावरचा तरणा होडीवाला चिराग एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलमध्ये दयारामच्या टकलामागचं देऊळ जुळवून बघत होता. दयारामला बघून तो जराही शरमला नाही.

"या काका, या. तुमच्याच कृपेने चाललंय. जरा तिकडून लावा, माझी दोरी गुंतेल."

दयारामने होडी तिकडून लावली. भांडायचं कशाच्या जोरावर? शेताला सातबारा असतो, दर्याला नसतो. खडक माझ्या बापाचा, असं म्हटलं तर अकरा होड्या हसल्या असत्या. पंचांकडे जावं तर पंचांपैकी दोघे समोरच गळ टाकून बसलेले. त्याने गळ सोडले, दोन तास बसला, एक बोटभर शिंगाळी घेऊन परतला. 

आठ दिवसांत खडकाचा निकाल लागला. गळवाल्यांचं बघून जाळीवाले आले. खडकावर जाळं टाकू नये हे शेंबड्या पोराला कळतं, पण हाव डोळ्यांवर आली की कळलेलंही विसरतं. जाळी कपारींत अडकली, ओढली, फाटली, तुकडे खाली राहिले. त्या तुकड्यांत लहानसहान मासा अडकून मरू लागला. एका सकाळी दयारामने दोरी ओढली तर गळाला नायलॉनच्या जाळ्याचा गुंडा आला, आणि त्यात वीतभर जिताड्याचं पिल्लू, कुजलेलं. त्याने ते सोडवलं, पाण्यात टाकलं आणि हात कितीतरी वेळ धूत राहिला.

  सोनूबाई पहाटे बंदरावर जाऊन दुसऱ्यांची मासळी लिलावात घेई आणि टोपली भरून रिक्षाने अलिबागला जाई. चिरागच्या होडीतला जिताडाही तिने एकदा घेतला. नवऱ्याच्याच खडकाचा मासा दुसऱ्याकडून घेऊन विकायचा. त्या दिवशी तिने आंबाड्यात फूल माळलं नाही. भाविका कोपऱ्यात बसून राही. तिने रील काढून टाकलं होतं, पण कुणीकुणी ते उतरवून घेऊन आपापल्या नावाने लावलं होतं आणि ते हिंडतच होतं.

खडकावर न आलेला एकच माणूस होता, तो म्हणजे सदा. दयारामच्याच वयाचा, दोघांच्या होड्या चाळीस वर्षं बंदरात शेजारी. सदाला मुलगा नाही, तो एकट्याने गळाची दोरी सोडी आणि एकट्याने ओढी. घरी तो आणि बायको सुचिता. त्याच्या दोरीला यंदा काहीच लागत नव्हतं, तरी तो रोज आपल्या जुन्या जागी जाऊन बसे.

एकदा बंदरावर दयारामने विचारलंच, "तू नाय आयलास तो? सगलं गाव आयला."

सदा दोरी धुत होता. "मना पन खरक दिसला. पन तो चुकून दिसला ना. कोनाच्या घराचा दार वाऱ्याना उघरला म्हनून आत शिरायचा नसतं, दया."

दयारामला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण तसली सवय दोघांनाही नव्हती.

त्यानंतरच्या उधाणाला निकेतने ती गोष्ट काढली. पोरगा कित्येक दिवसांत धड जेवला नव्हता, भात चिवडून उठायचा. एका सकाळी तो बापासमोर येऊन बसला.

"बाबा, मोबाइलने आणलेत ना त्यांना खडकावर? मोबाइलनेच नेऊ दुसरीकडे."

"मंजे?"

"दुसरं रील करू. दुसरीकडे. मागे खुणा अशा दाखवायच्या की आंधळ्यालाही कळतील. तुम्ही तिथे मासा ओढायचा. हे सगळे तिकडे पळतील. खडकाला महिनाभर आराम मिळेल, खालची जाळी आपण काढू."

"मासा कय हाय तिकरं?"

"मासा आपण न्यायचा. कालचा आहे ना बर्फात."

दयाराम हसला. मग त्याचं हसू मावळलं. त्याने जागा विचारली. निकेत म्हणाला, उत्तरेला, पांढऱ्या बंगल्यासमोर. तिथे बंगला आणि पाण्याची टाकी अशी ठळक जुळतात.

"थयं खाली लोखंड हाय," दयाराम म्हणाला. "बुरालेल्या बार्जचा. मी पोर व्हतो तवा बुरला तो."

"मग तर चांगलंच. फाटू देत जाळी त्यांची. अक्कल येईल."

यावर बापाने पोराच्या मुस्कटात मारायला हवी होती. निदान 'नको' तरी म्हणायला हवं होतं. पण त्या कुजलेल्या पिल्लाचा वास दयारामच्या हाताला अजून येत होता. तो गप्प बसला, आणि घरात कर्ता पुरुष गप्प बसला की त्याचा अर्थ हो असा घेतात.

शूटिंगला भाविका होडीत आली. निकेतला नीट जमत नाही, तिचा हात स्थिर, म्हणून. होडी हलताच तिला मळमळू लागलं. पांढऱ्या बंगल्यासमोर निकेतने होडी उभी केली. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, वारा पडलेला. बर्फाच्या पेटीतून पाच किलोचा जिताडा काढला, खडकावरचा शेवटचाच म्हणायचा. त्याच्या तोंडात गळ अडकवला आणि दोरी पाण्यात सोडली.

दयारामने ओढली. मासा वर आला. मेलेला मासा मेल्यासारखाच वर येतो, त्याला काय करणार.

"बाबा, जरा जोर लागतोय असं दाखवा ना," भाविका म्हणाली. "मागच्या वेळेसारखं."

मासा पुन्हा पाण्यात गेला. दयारामने गुडघे काठाला टेकले, दात खाल्ले आणि आपल्याच हातांशी झुंजत ओढलं. या वेळी निकेतची सावली मध्ये आली. तिसऱ्यांदा निकेतने खाली वाकून दोरीला हिसके दिले, म्हणजे मासा जिवंत वाटावा.

"हसा बाबा. मासा मिळालाय तुम्हाला."

दयाराम हसला. गळाने जिताड्याचा जबडा एव्हाना फाटला होता. चाळीस वर्षांत त्याने हजारो मासे मारले असतील, पण कुठल्याही माशाची त्याला अशी लाज वाटली नव्हती.

परत येताना भाविकाने तोंडावर ओढणी धरली होती. धक्क्याला लागताना ती हळूच म्हणाली, "बाबा, नको टाकूया का हे?"

निकेत काही बोलणार, तेवढ्यात दयाराम म्हणाला, "टाक." नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं, सून वाट मोकळी करून देत होती तेव्हा आपण तो शब्द का उच्चारला. उत्तर एकच होतं. तो थकला होता, आणि थकलेल्या माणसाला तीनदा ओढलेला मासा फुकट गेलेला बघवत नाही.

रील लागलं. सांजेपर्यंत साठ हजार लोकांनी बघितलं. "काकांनी पुन्हा करून दाखवलं." "असे बाप पाहिजेत." मुंबईच्या, नाशिकच्या, कुठकुठल्या माणसांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

बंदराच्या ग्रुपवर मात्र हसून हसून लोकांची पोटं दुखली. ज्यांनी टकलामागचं देऊळ ओळखलं होतं त्यांना माशाचा पांढरा पडलेला डोळा ओळखता येणार नाही, हे ना बापाला सुचलं होतं ना लेकाला. शहरातल्याला फसवायला निघाले असते तर जमलं असतं. कोळ्याला मेला मासा जिवंत म्हणून दाखवायचा, हा खुळेपणा कोळ्याशिवाय दुसरा कुणी करणार नाही. चिरागने जिताड्याच्या डोळ्याचा मोठा फोटो करून टाकला आणि खाली लिहिलं, 'काकांच्या गळाला आता बर्फातले मासेपण लागतात.'

सकाळी धक्क्यावर दयाराम उतरला तर एकाने विचारलं, "काका, आज बर्फाच्या किती लाद्या लागल्या?" दुसरा म्हणाला, "गप रे, काका आता हिरो हाय." निकेतचे कान लाल झाले. दयाराम खाली मान घालून होडीत बसला. एवढ्या मानहानीत त्याला एकच समाधान होतं, की बंगल्यासमोर कुणी गेलं नाही, कुणाचं नुकसान झालं नाही. चला, आपलं नाक कापलं गेलं ते गेलं. तो खाडीतच थोडा वेळ पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून चार बोय मासे घेऊन घरी आला आणि ओटीवर आडवा झाला.

दिवस कलला तरी सदाची होडी आली नव्हती. दयारामला ते ठाऊक नव्हतं. उन्हं परतल्यावर अंगणात कुणीतरी आलं म्हणून तो उठून बसला, तर सदा. गुडघ्यापर्यंत ओला, उजव्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं, फडक्यातून लाल. खांद्यावर दोरीचा गुंताळा. सोनूबाईने पाणी आणून दिलं. त्याने तांब्या डाव्या हाताने घेतला.

"दया," तो म्हणाला, "थयं काय नाय रं. तू परत नको जाऊस."

"कय?"

"बंगल्याच्या समोर. तुना कालचा मासा लागला तो नशिबाचा. खाली चिखल हाय आनि लोखंड. माझी निम्मी दोरी गेली, नांगर गेला. हात घालून सोरवायला गेलो तर यो हात कापला. तुझा पन जाईल, म्हनून पहिला हिकरंच आयलो. घरा पन नाय गेलो."

दयारामने ओटीवर त्याच्यासाठी जागा केली. 

"तू कला गेलास थयं?" त्याने कारण विचारलं.

सदा पायरीवर टेकला. "सुचिताच्या भाच्यानी दाखवला मोबाइलवर. मना काय नीट दिसत नाय त्यात. सकाली धक्क्यावर सगले हसत व्हते. चिराग बोलला, मासा मेलेला हाय, बर्फातला. मी बोललो, चालीस वरसं मी याच्या बाजूला होरी लावतो. दया मेलेला मासा जिता म्हनून दाखवनार नाय. तुमी नका जाऊ, मी जातो. संध्याकालीं टोपली दाखवतो तुमाना." तो जरा हसला. "पहिला तो चुकून दिसला व्हता, म्हनून नाय गेलो. यो तू सोताहून दाखवलास. मी बोललो, दया बोलावतंय सगल्याना, मंग जायाला काय हरकत?"

दारात भाविका उभी होती. तिने तोंडावर हात दाबला. निकेत पुढे आला. "सदाकाका, ते मीच बाबांना..."

"तू गप," दयाराम म्हणाला.

त्याला न सांगताही चाललं असतं. सदा पाणी पिऊन गेला असता, धक्क्यावरच्या लोकांना 'आज नशीब नव्हतं' म्हणाला असता, आणि दयारामची लाज एका माणसापुरती तरी झाकलेली राहिली असती. ते सगळं दयारामला त्या क्षणी लख्ख दिसलं. मोह झालाच नाही असं नाही.

"सदा, मासा मेलेलाच व्हता," तो म्हणाला. "आदल्या दिसाचा. तीन येला ओढला मी तो."

सदाने तांब्या खाली ठेवला. फडक्याची सैल झालेली गाठ दातांनी आवळली.

"आनि लोखंड?"

"माहीत व्हता."

"बरा," सदा म्हणाला. तो उठला, गुंताळा खांद्यावर घेतला. एका हाताने तो नीट बसेना. निकेत मदतीला गेला तर त्याने खांदा आखडून घेतला. गल्लीच्या वळणापर्यंत दोरीचं टोक त्याच्यामागून फरफटत गेलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी दयाराम दर्यावर गेला नाही. घरातला जादा नांगर निकेतच्या खांद्यावर दिला आणि दोघे सदाकडे गेले. सदा ओटीवर बसून डाव्या हाताने गुंता सोडवत होता. गुंत्यातली गळाची दोरी म्हणजे काय ते ज्याने सोडवली त्यालाच कळतं. दीडशेतले उरलेले सत्तर-ऐंशी गळ, एकात एक घुसलेले, एक सुटला की दोन बोटात रुततात. सुचिता दारात होती. तिने 'या' म्हटलं नाही. निकेतने नांगर अंगणात ठेवला आणि उभा राहिला. मग धक्क्यावर आपल्या होडीत जाऊन बसला.

दयाराम ओटीवर गुंत्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. सदाने बस म्हटलं नाही, ऊठ म्हटलं नाही. दयारामने चष्मा लावला आणि पहिला गळ हातात घेतला. ऊन अंगणातून ओटीच्या पायरीवर आलं, पायरीवरून जोत्यावर चढलं. गल्लीतून जाणारा एखादा थांबे, बघे, हसू दाबून पुढे जाई. चिरागही येऊन गेला. त्याने मोबाइल खिशातून काढला होता. मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवला.

साठ-सत्तर गळ सुटले असतील. दोघांच्या बोटांमध्ये आता हातभर दोरी उरली होती, म्हणजे सदा अगदी जवळ आला होता, एवढा की त्याचा श्वास ऐकू येत होता. दयारामला वाटलं, एकदाचा त्याने शिव्या घालाव्यात. आईबापावरून घालाव्यात, आपण खाली मान घालून ऐकू.

"दया," सदा म्हणाला. त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"काय?"

"खरकाचा मना काय वाटत नाय, तो माझा नव्हताच. दोरीचा पन नाय. दोरी काय, परत बनल." त्याने एक गळ अलगद मोकळा केला आणि टोपलीच्या काठाला टोचून ठेवला. "पन उद्या दर्यात तू लांबून वरडलास, सदा, वारा फिरतंय, घरा चल, तर मी पहिला आभालात बघीन. मग तुझ्याकरं बघीन. इतकी वरसं मी आभालात बघत नव्हतो."

 आभाळात बघणारा सदा दयारामला दिसत होता, मान वर केलेला, डोळ्यांवर हात धरलेला, आणि आपण तिकडून ओरडतोय. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. त्याने त्या सदऱ्याला पुसल्या आणि पुढचा गळ सोडवायला घेतला.